आक्कांचा खुबा आणि दोन अमेरिकन गाड्या

हौशीरामचा फोन सकाळी सात वाजता आला आणि सयाजीराव काळ्यांचा सव्वासातला. दोघांचं म्हणणं एकच होतं, की लग्नाला आक्का माझ्याच गाडीतून येणार. रामनाथ कोरडे सरांनी पहिला फोन बसून घेतला, दुसरा उभं राहून घेतला, आणि तिथून पुढचे अकरा दिवस ते जे उभे राहिले ते जवळजवळ उभेच होते.

सर जुन्नरच्या एका शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. मुलगी समृद्धी हिचं लग्न घोडेगावच्या आदेश काळेशी ठरलं होतं आणि कार्य घोडेगावलाच, मुलाकडे होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे सरांची मोठी बहीण कुशाबाई, म्हणजे आक्का. वय शहात्तर. आक्कांनी लग्न केलं नाही. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत त्या सरकारी नर्स होत्या, आणि त्याच पगारावर त्यांनी धाकट्या भावाला बी. एस्सी. केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर धरून घरातल्या घरात हिंडत होत्या, आणि बसल्या जागी हाताशी काठी ठेवत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लग्नाला जाऊ द्या, पण हादरे बसता कामा नयेत.

जुन्नर ते घोडेगाव, नारायणगाव आणि मंचरवरून, ह्या रस्त्यावर हादरे बसू न देता माणूस नेणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक नसावं. सरांनी एकदा खास मोटरसायकलवर जाऊन गतिरोधक मोजले होते. छत्तीस भरले. त्यातले सरकारी कुठले आणि आपल्या दारापुढून गाड्या जोरात जाऊ नयेत म्हणून लोकांनी हौसेनं घातलेले कुठले, हे त्यांच्या आकारावरून ओळखू येत होतं. हौसेचे उंच होते.

आता गाड्यांचं सांगायला हवं. हौशीराम हा सरांचा बोरी बुद्रुकचा चुलतभाऊ. ऊस आणि द्राक्षं. तीन वर्षांपूर्वी त्यानं कुठल्याशा बंगल्याच्या आवारातून पासष्ट सालची इम्पाला उचलून आणली होती. फिकट निळी, आणि इतकी लांब, की बोरीच्या चावडीपाशी वळताना तिचं तोंड एका आळीत आणि शेपूट दुसऱ्या आळीत असे. सयाजीरावांकडे, म्हणजे आदेशच्या वडलांकडे, अठ्ठावन्नची डॉज होती, काळी, वडलांच्या कंत्राटदारीच्या दिवसांपासूनची. सयाजीराव तिचा उल्लेख घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा करत.

उज्ज्वलाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, एक साधी भाड्याची गाडी करा म्हणून सुचवलं. हे सुचवणं इतकं शहाणपणाचं होतं, की ते अमलात येणं शक्यच नव्हतं. भाड्याची गाडी केली असती तर हौशीराम रुसला असता आणि व्याही दुखावले असते. एकाची गाडी घेतली असती तर दुसरा लग्नात तोंड फिरवून बसला असता. शेजारचे सावळेराम भाऊ, निवृत्त ग्रामसेवक, रोज सकाळी पेपर परत करायला येत आणि सोबत एक सल्ला ठेवून जात. एके दिवशी ते म्हणाले, रुग्णवाहिका करा. लग्नाच्या मांडवात रुग्णवाहिका गेली तर काय दिसेल, असं सरांनी विचारल्यावर ते म्हणाले, मग तिला फुलांच्या माळा लावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोली सुचवली. तिसऱ्या दिवशी सरांनी पेपर आपण होऊन त्यांच्या घरी नेऊन दिला.

शेवटी सरांनी ठरवलं, की हा प्रश्न नात्यानं सुटणार नाही, शास्त्रानं सुटेल. दोन्ही गाड्यांची रीतसर परीक्षा घ्यायची आणि जी कमी हादरेल तिच्यात आक्का. आकड्यांवर कोण रुसणार? सरांनी आयुष्यभर वर्गात आकडे लिहिले होते आणि एकही विद्यार्थी आकड्यांवर रुसलेला त्यांनी पाहिला नव्हता. विद्यार्थी त्यांच्यावरच रुसत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवस त्यांनी अभ्यास केला. बॉलपेनमधली स्प्रिंग काढून घरादाराला दाखवली. इम्पालाला चारी चाकांवर अशा स्प्रिंगा आहेत, त्यामुळे ती खड्डा गिळते. डॉजच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगच नाही, तिथे लांब दांड्या आहेत, चाक वर उचललं की दांडीला पीळ बसतो आणि पीळ सुटताना चाक जागेवर येतं. मागं आपले ट्रकसारखे पाटे. हे समजावायला त्यांनी न्हाणीतला ओला टॉवेल आणला, एक टोक उज्ज्वलाबाईंना धरायला दिलं आणि दुसरं स्वतः पिळलं. पाणी पत्रिकांच्या गठ्ठ्यावर पडलं. चाळीस पत्रिकांवरचा गणपती पुसट झाला, आणि त्या नंतर जवळच्या नातेवाइकांना द्याव्या लागल्या, कारण लांबच्यांना तशा देता येत नाहीत.

आक्का हे सगळं खुर्चीत बसून पाहत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की बसायची गादी जमिनीपासून किती उंच आहे. सर म्हणाले, आक्का, गादीचा काही संबंध नाही, मुख्य गोष्ट स्प्रिंग. डॉक्टरांना वाट्टेल ते बोलू देऊन मग आपल्याला हवं ते करायची सवय आक्कांना चाळीस वर्षांची होती.

परीक्षेची योजना अशी होती. आक्कांचं वजन बावन्न किलो, म्हणून मागच्या सीटवर बाजरीचं बावन्न किलोंचं पोतं. पोत्याच्या मांडीवर, म्हणजे जिथे ती असायला हवी तिथे, ताकानं काठोकाठ भरलेलं पातेलं. शेवटी किती ताक उरलं ते मोजायचं. पाणी का नाही, असं उज्ज्वलाबाईंनी विचारलं. पाणी सांडलं तर वाळून जातं, ताकाचा पुरावा राहतो, असं सरांनी सांगितलं. शिवाय फोनवर एक ॲप होतं, त्यात हादऱ्यांचा आलेख निघत असे. मधेच कुणाचा फोन आला तर आलेखात खोटा हादरा उमटतो, म्हणून सर फोन फ्लाइट मोडवर ठेवणार होते. हौशीरामला पोत्यानं सीट खरवडेल अशी भीती वाटली, म्हणून सरांनी पोतं आक्कांच्या पांढऱ्या शालीत नीट गुंडाळलं. ताकाबद्दल हौशीरामला त्यांनी आधी काही सांगितलं नाही.

पहिला नंबर इम्पालाचा. सकाळी नऊ वाजता गाडी निघाली. पोतं सुरुवातीला बसवलेलं होतं, पण पहिल्याच गतिरोधकावर गाडी वर गेली, खाली आली, परत वर गेली, आणि नुसत्या त्या आठवणीनंच आणखी तीन वेळा डुलली. पोतं आडवं झालं. पातेलं सरांच्या अंगावर आलं. पुढे सरांनी पोत्याचं डोकं मांडीवर घेतलं, एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्या हातानं पातेलं. दोन कोसांत त्यांना मळमळायला लागलं, चेहरा उतरला, डोळ्यांत पाणी आलं. हौशीराम मात्र आपल्या नव्या सीटकव्हरांच्या काळजीनं वीसच्या वेगानं चालला होता. हेडलाइटचं बटण अडकल्यामुळे दिवे दिवसाढवळ्या लागलेले. गाडी एवढी रुंद, की मागून कुणाला पुढे जाता येईना. नारायणगावच्या बाजाराला निघालेली टोमॅटोची पिकअप, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं एसटी, मग मोटरसायकली, अशी रांग मुंगीच्या पावलानं नारायणगावात शिरली.

चौकात हवालदारानं हात केला. हौशीरामनं कागद दिले. हवालदारानं दंडाच्या यंत्रात गाडीचं नाव शोधलं, पण त्या यादीत इम्पाला नव्हती. त्यानं दोनदा वर-खाली करून पाहिलं, मग वैतागून खिडकीतून मागं डोकावलं. शालीत गुंडाळलेलं ते आडवं काही, आणि त्याला मांडीवर घेऊन डोळे पुसणारे सर.

"मागं कोण?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

"आमच्या आक्का," हौशीराम म्हणाला. सकाळपासून घरात सगळे पोत्याला आक्काच म्हणत होते.

"काय झालं व्हतं?"

"दोन महिन्यांपूर्वी पडल्या. खुबा मोडला," सर म्हणाले.

"वय?"

"शहात्तर."

"चांगलं वय हाय," हवालदार म्हणाला. त्यानं टोपी काढली, यंत्र खिशात घातलं, चौकाच्या चारी बाजूंची वाहनं अडवली आणि इम्पालाला वाट करून दिली. सरकारी यंत्रणेत अजून माणुसकी आहे, असं सरांनी हौशीरामला पुढे मंचरपर्यंत समजावून सांगितलं.

चौकातल्या गर्दीत सरांचे किमान अकरा माजी विद्यार्थी होते. त्यांतल्या नऊ जणांनी लगेच फोन काढले. दहा वाजता बातमी जुन्नरला पोचली, साडेदहाला घोडेगावला. सयाजीरावांनी सरांना फोन केला, तो लागेना. सात वेळा केला. मग त्यांनी उज्ज्वलाबाईंना केला. उज्ज्वलाबाई मुलीला घेऊन ब्लाउजांसाठी पुण्याच्या बसमध्ये होत्या, भोवती आवाज, आणि सकाळपासून ह्या पोत्याच्या प्रकारानं डोकं उठलेलं. अशा वेळी आक्का गेल्या का, असं बाईमाणसाला थेट कसं विचारायचं? सयाजीरावांनी आडून विचारलं, की घरचं कसं काय आहे. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "काय सांगायचं भाऊ, आक्कांना शालीत गुंडाळून, गाडीत आडवं घालून हे सकाळीच गेलेत. आम्ही म्हटलं एकदाचं उरकू द्या." मग बस घाटात शिरली आणि फोन तुटला.

मंचरहून परतताना पातेल्यात चार बोटं ताक उरलं होतं. बाकीचं सीटकव्हरांवर होतं, आणि हौशीराम आता सरांशी बोलत नव्हता. दुपारी चारच्या सुमारास गाडी सरांच्या गल्लीत वळली, आणि वळता वळताच थांबली, कारण पुढे जागा नव्हती. दारापुढे चपलांचा ढीग. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली. कडेला अर्धवट सोललेले बांबू. सर गाडीतून उतरले. सकाळपासून आपण एका पोत्याला मांडीवर घेऊन फिरलो, आणि इकडे आक्का एकट्या घरात, असं त्यांच्या मनात आलं. पातेलं हातात तसंच घेऊन ते गर्दीतून आत घुसले. लोक बाजूला झाले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आत आक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि सावळेराम भाऊंना झापत होत्या.

घडलं होतं ते असं. सावळेराम भाऊंना बातमी मिळताच त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन सगळी व्यवस्था केली. माणसांना कळवलं, बांबू आणवले, स्मशानाच्या लाकडांची पावती फाडून लाकडांचा टेम्पोही मागवला. एवढं सगळं करून मग त्यांनी घरात डोकावून पाहिलं. आक्का जेवून झोपल्या होत्या. गलबल्यानं त्या जाग्या झाल्या आणि वॉकर घेऊन दारात आल्या, तेव्हा समोर बसलेल्या माणसांपैकी दोघं उठून पळाले.

पळाले नाहीत त्यांना आक्कांनी चहा पाजला. आल्या पाहुण्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही, मग तो कशासाठीही आलेला असो. सरांनी आत येऊन त्यांचा हात धरला आणि सोडेचनात. आक्का म्हणाल्या, "पातेलं आधी खाली ठेव."

लाकडांचं मात्र अवघड होतं. वखारीतल्या कारकुनाकडे सर स्वतः गेले. तो सज्जन माणूस होता, पण एकदा दिलेली लाकडं परत घेण्याची तरतूद त्याच्या वहीत नव्हती. अशी वेळच आजवर आली नव्हती, असं त्यानं सांगितलं. आजवर ज्यांच्यासाठी लाकडं नेली, त्यांतलं कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. सर अर्ज लिहायला लागले. अर्जात परत करण्याचं कारण काय लिहावं, ह्यावर ते दोघं अर्धा तास अडले. कारकून म्हणाला, 'गरज उरली नाही' असं लिहा. सरांच्या मते ते अपुरं होतं. शेवटी अर्ज तसाच खिशात घालून सर परत आले. लाकडं अंगणात रचलेली. उज्ज्वलाबाई, फोन मिळताच पुण्याहून तातडीनं परत आलेल्या, त्या ढिगाकडे बघायलाही तयार नव्हत्या. आक्का म्हणाल्या, "माझ्या नावानं आलीत ना? मग माझ्या आंघोळीचं पाणी तापवा त्यांवर. पावसाळाभर पुरतील."

संध्याकाळच्या एसटीनं डोंगराकडच्या बायका आल्या. सहा जणी. पुढे इंद्रायणी, पन्नाशीची, तिच्या मागं तिची सून रत्ना. दोघींचाही जन्म आक्कांच्या हातचा. त्यांना वाटेत कुणी खरं सांगितलं नव्हतं. त्या गल्लीच्या तोंडापासूनच रडत आल्या, आणि दारात आक्कांना पाहून रडणं थांबवायचं त्यांना सुचेना. इंद्रायणी आक्कांच्या पायाशी बसली, त्यांचा दुखरा पाय सोडून दुसऱ्या पायावर डोकं ठेवलं. "नर्सबाई, तुमी न्हाई गेल्या मंग," एवढंच ती म्हणाली. तिनं पदराच्या गाठोड्यातून आंबेमोहोराचे तांदूळ काढले. तेराव्याला म्हणून आणले होते, आता लग्नाला होतील. आक्का कितीतरी वेळ त्या तांदळांत बोटं फिरवत राहिल्या. दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

तेवढ्यात बाहेर ब्रेक करकचले आणि काळी डॉज येऊन उभी राहिली. सयाजीराव उतरले, हातात झेंडूचा मोठा हार. ते दारात आले, आक्कांना पाहिलं, हाराकडे पाहिलं, आणि तो पाठीमागं लपवला. मग त्यांचा चेहरा दुःखातून निघून रागाच्या दिशेनं गेला.

राग खोटा नव्हता. घोडेगावात त्यांच्या थोरल्या भावानं दुपारीच मांडववाल्याला थांबवलं होतं. घरात मयत झालं म्हणजे लग्न पुढे जाणार, हे धरून. आता आक्का जिवंत आहेत म्हटल्यावर थोरले म्हणणार, की लग्नाच्या तोंडावर हा अपशकुन, तुळशीचं लग्न झाल्यावर बघू. "आमाला मेल्याचं कळवलं न्हाई, आन् जिवंत असल्याचंबी कळवलं न्हाई," सयाजीराव म्हणाले. "सर, तुमी शिकलेली मानसं. भावकीत मी काय तोंड दाखवू?"

सरांच्या खिशातल्या फोनमध्ये हादऱ्यांचा आलेख होता, तो काढायचा मोह त्यांनी आवरला. समृद्धी आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिल्यावर सरांना पहिल्यांदा जाणवलं, की स्प्रिंगा आणि पाटे ह्यांच्या नादात आपण पोरीच्या लग्नावरच पाय ठेवला आहे. ते खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि तिथून परत चालत राहिले.

बोलली ती इंद्रायणी. तिला काळ्यांच्या भावकीचं काही घेणंदेणं नव्हतं. "पावणं, आमच्याकडं जित्या मानसाच्या मरणाची खोटी बातमी उठली ना, तर त्या मानसाचं आयुष्य वाढलं म्हनत्यात. ह्यो अपशकुन कसला? तुमच्या घरी येनाऱ्या पोरीनं यायच्या आदीच आत्याचं आयुष्य वाढवलं. अशी सून कुटं मिळतीया?"

सयाजीरावांनी ह्यावर विचार केला. भावकीला सांगण्याजोगं हे होतं. आक्का म्हणाल्या, की थोरल्यांना सांगा, मी स्वतः येऊन मांडवात चालून दाखवते. मग सयाजीरावांनी मांडववाल्याला फोन लावला. त्यानं मांडव सोडून दुसऱ्या गावचं काम धरलं होतं, त्याला परत बोलवायला आणखी वीस मिनिटं लागली. हार तेवढा वेळ त्यांच्या पाठीमागंच होता. शेवटी आक्कांनीच तो मागून घेतला आणि सहा जणींच्या हाती एकेक फूल दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी जाहीर केलं, की ताकबीक पुरे, आता परीक्षा मी घेते. लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं, एकदा ह्या गाडीत, एकदा त्या गाडीत. सर वही घेऊन सोबत निघाले. आक्का आधी इम्पालात बसल्या, म्हणजे बसायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी हातानं गादी दाबून पाहिली. हात कोपरापर्यंत आत गेला. "ह्यात बसले तर गुडघे छातीशी येतील," त्या म्हणाल्या. "खुबा एवढा वाकवायचा नाही. ऑपरेशन झालेल्या बाईला मऊ गादीवर बसवत नाहीत, रामनाथ. हे मी तुला चार दिवस विचारतेय." सरांनी वहीत गादीसाठी नवा रकाना आखला. उज्ज्वलाबाईंनी दोन जाड वाकळा घड्या घालून आणल्या, मग आक्का बसल्या.

इम्पालात हौशीराम चालवायला होता. गाडी हळू गेली, खड्डे कळले नाहीत, पण प्रत्येक वळणावर ती तिरकी होऊन सावकाश सरळ होई. परत आल्यावर आक्का म्हणाल्या, शॉकअप गेलेत हिचे, आणि हौशीराम पोटच्या पोराबद्दल ऐकावं तसा खाली पाहत राहिला. डॉज ताठ होती. खड्डा कळायचा, पण एकदाच, आणि नंतर गाडी त्याचा विषय काढत नसे. पण डॉज सयाजीराव चालवत होते. पुढे गतिरोधक दिसला की तो ओलांडून घ्यावा अशा इराद्यानं ते वेग वाढवत. तिसऱ्या गतिरोधकानंतर आक्कांनी त्यांच्या खांद्यावर काठी ठेवली आणि उरलेली वाट ती तिथेच ठेवली.

निकाल त्यांनी अंगणातच दिला. बाळंतपण अडलेल्या बायका घाटातून जीपमध्ये घालून त्यांनी पन्नासदा तरी आणल्या होत्या, आणि जीपला स्प्रिंग कसली आहे हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. कोण चालवतंय ते पाहिलं होतं. तेव्हा गाडी सयाजीरावांची, आणि चालवणार हौशीराम.

दोघांचेही चेहरे पडले, आणि दोघांनाही तक्रार करता येईना. सयाजीरावांनी तेवढी एक अट घातली. माझी गाडी दुसऱ्याच्या हाती देतो, तर दुसऱ्याची माझ्या हाती पाहिजे. हौशीरामनं किल्ली दिली, पण ती सोडायला त्याला फार वेळ लागला.

लग्नाच्या दिवशी वरबाप आपला मांडव सोडून, साधनाबाईंचं, म्हणजे वरमाईचं, काहीएक न ऐकता पहाटेच्या एसटीनं जुन्नरला आले. आदल्या दिवशीच त्यांनी डॉज पाठवून दिली होती. डॉजमध्ये पुढे हौशीराम, मागं वाकळांवर आक्का, शेजारी समृद्धी. इम्पालात पुढे सयाजीराव आणि त्यांच्या शेजारी सर. व्याह्यांनी व्याह्यांशेजारी बसावं हे शोभेचं होतं, आणि सरांनी नवा कोट आणि फेटाही घातला होता.

नारायणगावपर्यंत सयाजीरावांनी डॉजला दोनदा मागं टाकलं. दोनदा त्यांना थांबावं लागलं, कारण सरांना उतरायचं होतं. इम्पाला तिच्या सगळ्या स्प्रिंगांसकट महामार्गावर अशी चालली होती, की डांबर स्थिर आहे आणि आपणच वर-खाली होतो आहोत, हा सिद्धान्त सरांना आता वेगळा सिद्ध करावा लागत नव्हता. मंचरपाशी ते तिसऱ्यांदा उतरले. फेटा काढून मांडीवर घेतला. सयाजीराव हळहळले, म्हणाले, सर, लई मऊ गाडी हाय, आपल्याला सवय न्हाई. आणि सावकाश चालवतो असं म्हणून त्यांनी पुन्हा वेग घेतला. डॉज तेवढ्यात त्यांच्या शेजारून, तीसच्या वेगानं, निघून गेली. मागच्या काचेतून आक्का समोर पाहत ताठ बसलेल्या दिसल्या.

घोडेगावच्या मांडवाशी इम्पाला पोचली तेव्हा आक्का आधीच उतरल्या होत्या. वॉकर घेऊन त्या मांडवाच्या दारापासून पहिल्या रांगेपर्यंत चालत गेल्या. सगळी भावकी उभी राहिली होती आणि थोरले काळे स्वतः खुर्ची घेऊन त्यांच्यामागं चालत होते. डोंगराकडच्या बायका पुढच्या रांगेत होत्या, त्यांतल्या काही उभ्या राहून, आक्का कुठवर आल्या ते मागच्यांना सांगत होत्या.

बॅंडवाल्यांनी इम्पाला पाहिली आणि जोरात सुरू केलं. दार उघडलं. वधुपिता उतरले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि साधनाबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे येतात तोच हळूच, फारसा गाजावाजा न करता, पहिल्या खुर्चीत बसले आणि खुर्चीतून सतरंजीवर आडवे झाले. बॅंड अडखळला. कुणीतरी पाणी, कुणीतरी कांदा म्हणालं. सयाजीरावांनी चार दिशांना चार माणसं धाडली.

वॉकरचा टक टक आवाज जवळ आला. आक्कांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्ची मागवली, सरांच्या उशाशी ठेवून घेतली, वाकायचं नाही म्हणून हातातली काठी पुढे करून त्यांचा कोट बाजूला सारला आणि इंद्रायणीला मनगट वर उचलून द्यायला सांगितलं. दोन बोटांनी नाडी धरली. घड्याळाकडे पाहत ओठ हलवत राहिल्या. मांडवातली चारशे माणसं तेवढं अर्धं मिनिट त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पाय वर घ्या ह्याचे. मुहूर्ताला अजून पाऊण तास आहे, तोवर कुणी उठवू नका."

सरांनी डोळे उघडले, आक्कांना पाहिलं आणि उठायला गेले. आक्कांनी मनगट सोडलं नाही. सर पुन्हा पडून राहिले, आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदाच त्यांना स्वस्थ झोप लागली.